करंट कुठवर येतो?

जुन्या बुलेटच्या हेडलाइटच्या घरावर, स्पीडोमीटरशेजारी एक छोटा गोल मीटर असतो. आमच्याकडे सगळे त्याला नुसतं अँपिअर म्हणतात. मध्ये शून्य, एका बाजूला चार्ज, दुसऱ्या बाजूला डिस्चार्ज. बॅटरीत करंट जातोय की बॅटरीतून निघतोय, एवढंच तो सांगतो. कितीतरी गाड्यांवर तो वर्षानुवर्षं बंद असतो आणि मालकाला त्याची खबरही नसते. मला त्या गाडीवर सगळ्यात जास्त भरवसा त्याच काट्याचा वाटतो. गाडी चालू होत नसेल तर पाना हातात घेण्याआधी मी त्याच्याकडे बघतो.

चावी लावायची आणि पायाने किक सावकाश दाबत न्यायची. पॉइंट, म्हणजे करंट जोडणारी-तोडणारी दोन छोटी टोकं, मिटले की ठिणगीसाठी व्होल्ट वाढवणाऱ्या कॉइलमधून करंट वाहू लागतो आणि काटा डिस्चार्जकडे तीनेक अँपिअर झुकतो. आणखी दाबलं की पॉइंट उघडतात, करंट तुटतो आणि काटा टचकन शून्यावर येतो. तो परत येतो त्याच क्षणी प्लगला ठिणगी पडायला हवी. बुलेटचे पॉइंट इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरणाऱ्या शाफ्टवर असतात, म्हणजे इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदाच उघडतात. त्यामुळे किक जड लागली आणि काटाही शून्यावर आला, तर पिस्टन कॉम्प्रेशनच्या माथ्यावर आहे हे नक्की समजायचं. तिथे डिकॉम्प, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारा छोटा लिव्हर, दाबून किक किंचित पुढे सरकवायची, डिकॉम्प सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग अंगाचा भार टाकून शॉट मारायचा. 70 मिलिमीटरचा बोअर, 90 मिलिमीटरचा स्ट्रोक आणि 346 सीसीचं ते एकच सिलिंडर. नुसत्या जोरावर ते कुणाला दाद देत नाही. काटा बघून किक मारणारा बारीक अंगाचा माणूसही ती गाडी आरामात चालू करतो.

हा काटा निदानही करतो, आणि त्याचं हे अंग फार थोडे लोक वापरतात. किक दाबताना काटा जागचा हललाच नाही, तर कॉइलपर्यंत करंट येत नाही किंवा पॉइंट मिटतच नाहीत. मिटत नाहीत म्हणजे गॅप चुकलीय, नाहीतर तोंडावर तेल किंवा काजळी बसलीय. काटा डिस्चार्जला गेला आणि तिथेच राहिला, तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कंडेन्सर आतून शॉर्ट झालाय. काटा नीट हलतोय, तरीही ठिणगी नाही, तर दोष पुढे आहे: कॉइल, प्लगची वायर, कॅप, प्लग. मधल्या मोकळ्या जागेत अडकलेला दोष मात्र काटा अर्धाच सांगतो. तो हलतो, पण नेहमीपेक्षा कमी. अडीचच्या जागी दोन, तीनच्या जागी अडीच. हा फरक कळायला गाडीची सवय लागते.

माझ्या गाडीचा दोष नेमका या मधल्या जागेतला होता.

गाडी 1995 ची. चिपळूणला 22 जुलै 2021 ला पूर आला तेव्हा ती इमारतीखाली पार्किंगमध्ये उभी होती. वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी गावात शिरलं आणि ती हँडलसकट बुडाली. त्या दिवसाबद्दल चिपळूणकरांना वेगळं सांगायला नको. पाणी ओसरल्यावर प्रत्येक वस्तूवर एकच राखाडी चिखल होता आणि गॅरेजांसमोर गाड्यांच्या रांगा होत्या. इंजिनातलं तेल काढलं, पुन्हा भरलं, पुन्हा काढलं. कार्बोरेटर उघडून गाळ काढला, ब्रेकचे ड्रम धुतले, बेअरिंगमध्ये नवं ग्रीस भरलं. इंजिनाची काळजी सगळ्यांनी घेतली. वायरिंगकडे फारसं कुणी बघितलं नाही, कारण वायरिंग दोन दिवस उन्हात ठेवली की वाळल्यासारखी दिसते. वरचं प्लास्टिक वाळतं. आत तांब्याच्या बारीक तारांच्या मधे शिरलेलं पाणी मात्र तारेच्या अंगाने पुढे पुढे सरकत जातं आणि प्लास्टिकच्या नळीत कोंडून राहतं. ते तिथे काय करतं हे लगेच दिसत नाही. पुरात बुडालेल्या गाड्यांची वायरिंगची दुखणी महिन्यांनी आणि वर्षांनी बाहेर आली. माझ्या गाडीचंही तसंच झालं. मधले पावसाळे तिने व्यवस्थित काढले, आणि मग एका पावसाळ्यात सुरुवात झाली.

सकाळी घरून निघताना एक-दोन किकमध्ये चालू. बाहेर कुठे थांबलो, बाजारात म्हणा, कुंभार्ली घाटात चहाला म्हणा, की परत निघताना बेजार. दहा, बारा, पंधरा किका. कधी मधेच एक फटका देऊन गप्प. अर्ध्या तासाने कंटाळून ढकलत नेली की वाटेत अचानक चालू. ऐकणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलायचा: "गरम झाली की करंट सोडते." हे वाक्य चुकीचं नाही. कंडेन्सर म्हातारा झाला की थंडपणी काम देतो आणि गरम झाल्यावर धोका देतो. कॉइलच्या आतलं इन्सुलेशन गेलं की तेच होतं. गावोगावच्या मेकॅनिकांनी हा रोग शेकडो गाड्यांत पाहिलेला असतो, म्हणून तो चटकन तोंडावर येतो.

मग बदलाबदली सुरू झाली. आधी प्लग, मग कंडेन्सर आणि पॉइंट, मग कॉइल, शेवटी बॅटरी. प्रत्येक वेळी गॅरेजमध्ये गाडी पहिल्या किकला चालू व्हायची आणि झाल्या कामाचं समाधान घेऊन मी घरी यायचो. दुसऱ्या गॅरेजात पॉइंटच काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा असा आग्रह झाला. कुणीच फसवत नव्हतं, हे मी मुद्दाम सांगतो. पण "बदलून बघू" ही पद्धत मला मनापासून पटत नाही. त्यात जुना चांगला भाग फेकला जातो आणि त्याच्या जागी आलेला नवा भाग त्याच्याइतका चांगला असेलच असं नाही. हल्ली मिळणारे कंडेन्सर बघितले की गाडीबरोबर आलेला मूळ कंडेन्सर जपून ठेवावासा वाटतो. शिवाय चार भाग बदलल्यावर दोष उरलाच, तर आता चार नव्या संशयितांची भर पडलेली असते.

प्रत्येक गॅरेजात दोन तपासण्या झाल्या आणि दोन्ही पास झाल्या. पहिली, प्लग काढून, हेडला टेकवून किक मारली: ठिणगी पडते. दुसरी, कॉइलच्या टोकाला मीटर लावला: बारा व्होल्टच्या वर येतात. म्हणजे करंट आहे. इथे सगळे थांबायचे, आणि खरी गंमत इथूनच पुढे आहे. त्यामागचं गणित मी नंतर समजून घेतलं. शाळेत शिकवलेला ओहमचा नियम एवढा उपयोगी पडेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

कॉइल काय करते? पॉइंट मिटलेले असतात तेव्हा तिच्या आतल्या जाड गुंडाळीतून करंट वाहतो आणि चुंबकीय क्षेत्राच्या रूपात ऊर्जा साठते. पॉइंट उघडले की करंट एकदम तुटतो, ते क्षेत्र कोसळतं, जाड गुंडाळीत दोन-तीनशे व्होल्टचा झटका बसतो आणि हजारो वेढ्यांच्या बारीक गुंडाळीत तोच दहा हजारांच्या वर जातो. पॉइंटच्या तोंडावर ठिणगी न पडता करंट स्वच्छ तुटावा म्हणून कंडेन्सर. साठलेली ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. करंट निम्मा झाला तर ठिणगीची ताकद निम्मी राहत नाही, पाव होते. बारा व्होल्टच्या जागी कॉइलला सात व्होल्ट मिळाले, तर हाती उरते ती जेमतेम एक तृतीयांश. एवढ्या ताकदीची ठिणगी प्लग बाहेर काढल्यावर मोकळ्या हवेत पडते, पिवळसर पडते पण पडते. तोच प्लग सिलिंडरमध्ये गेला की भोवती दाबलेली हवा असते, आणि दाबलेल्या हवेतून उडी मारायला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. बाहेर दिसलेली ठिणगी आत पडत नाही. म्हणून बाहेर काढलेल्या प्लगची ठिणगी बघताना ती पडली का एवढं विचारून भागत नाही. ती निळी आहे का, जाड आहे का, चट् असा आवाज येतो का, हे बघायचं.

आणि मीटर? मीटर स्वतः जवळजवळ करंट खातच नाही. वायरीतल्या वीस-तीस तारांपैकी एकच धड उरली असली तरी मीटरला बारा व्होल्ट दिसतात. रात्री बंद नळाला पाण्याचा दाब दिसतो आणि सकाळी सगळ्या चाळीने नळ उघडले की करंगळीएवढी धार येते, तसं हे आहे. वाहतं करून बघितल्याशिवाय कळत नाही.

हे मला चाचांनी दाखवलं. चाचा बाजारपेठेच्या एका गल्लीत गाड्यांची वायरिंग, डायनॅमो, सेल्फ आणि बॅटरीचं काम करतात. पुरात त्यांचंही दुकान गेलं होतं. भिंतीवर छताच्या जवळ पाण्याची रेघ अजून आहे. त्यांच्याकडे मीटर आहे, चांगला आहे, पण त्यांनी आधी खिळ्याला अडकवलेला टेस्ट लॅम्प काढला. 21 वॉटचा इंडिकेटरचा बल्ब, होल्डर, दोन लांब वायरी, एका टोकाला चिमटा, दुसऱ्याला घासून टोकदार केलेली सायकलची स्पोक. हा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. ज्या वायरीत दम नाही, ती त्याच्यापुढे लपू शकत नाही.

पण त्यांनी बल्बही लगेच लावला नाही. आधी मला विचारलं,

"गाडी बंद पडते तेव्हा उभी कशी असते?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे कुठल्या स्टँडवर?"

"साइड स्टँडवर. बाहेर कोण डबल स्टँडला लावतो, चाचा?"

"आणि घरी?"

"घरी डबल स्टँडवर."

"गॅरेजवाले?"

"तेही डबल स्टँडवरच."

"मग गरम-थंडाचा काय संबंध नाय. हँडल डावीकडे फिरवा बघू."

एवढ्या लोकांनी गाडी तपासली, प्रत्येकाने गाडीला काहीतरी केलं. गाडी कशी उभी असते हा प्रश्न पहिल्यांदा त्यांनी विचारला. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते आणि हँडल आपोआप डावीकडे वळतं. ढकलत नेताना हँडल सरळ होतं. सगळा उलगडा त्या दोन वाक्यांत होता. आता फक्त तो वायरीत शोधायचा होता.

त्यांनी चिमटा इंजिनाच्या फिनला लावला, पॉइंटच्या मधे कागद सरकवून ते उघडे ठेवले आणि स्पोकचं टोक कॉइलच्या बॅटरीकडच्या टोकाला टेकवलं. हँडल सरळ: बल्ब चांगला पेटला. मी हँडल हळूहळू डावीकडे नेलं. अर्ध्यावर बल्ब पिवळा झाला, पुढे नारिंगी, आणि अगदी शेवटी नुसती लाल तार. परत सरळ केलं, बल्ब पुन्हा उजळला. मी ते तीन-चारदा केलं. चाचांना गरज नव्हती, मलाच पुन्हा पुन्हा बघायचं होतं.

मग मीटर निघाला, आणि तो लावायची त्यांची पद्धत प्रत्येक गाडीवाल्याने शिकावी अशी आहे. त्यांनी कागद काढून पॉइंट मिटू दिले, म्हणजे कॉइल करंट ओढायला लागली. हँडल डावीकडेच ठेवलं. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला कायम, आणि दुसरं करंटच्या वाटेवर एकेक मुक्काम पुढे. असं लावलं की मीटर त्या टप्प्यापर्यंत हरवलेले व्होल्ट दाखवतो. चांगल्या वायरीत हरवायला फारसं काही नसतं. फ्यूजच्या पुढच्या टोकाला आकडा आला शून्याच्या आसपास. त्यापुढचा मुक्काम अँपिअर मीटरचं मागचं टोक. तिथे पाच व्होल्ट. म्हणजे फ्यूजपासून अँपिअरपर्यंतच्या एकाच वायरीत जवळजवळ निम्मी बॅटरी मुरत होती. कॉइल, कंडेन्सर, प्लग, पॉइंट, बॅटरी, सगळे निर्दोष. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं असतं, तरी तेही याच वायरीच्या शेवटी उपाशी बसलं असतं.

टाकी उतरवली. बुलेटची वायरिंग टाकीखालून फ्रेमच्या वरच्या नळीला धरून पुढे जाते आणि मानेपाशी वळून हेडलाइटच्या घरात शिरते. हँडल फिरेल तसं तिला तिथेच वाकावं लागतं. चाचांनी पॉइंट मिटलेलेच ठेवून चावी काही मिनिटं चालू ठेवली आणि मला म्हणाले, वायर बोटाने चाचपत या. मानेपाशी, वळणाच्या आतल्या बाजूला, पेराएवढा भाग चांगलाच गरम लागला. पाच व्होल्ट आणि दोन अँपिअर, म्हणजे दहा वॉट तिथे नुसते उष्णतेत जात होते. दोष बोटाला लागतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा अनुभवलं.

त्या जागी वरून काहीच दिसत नव्हतं. प्लास्टिक अखंड, फक्त दाबल्यावर बाकीच्या वायरीपेक्षा पोकळ लागत होतं. ब्लेडने उभी चीर दिली तर आतून हिरवी पूड सांडली. तांबं कळकून त्याची अक्षरशः भुकटी झाली होती. जांभळट काळ्या पडलेल्या तारा, त्यातल्या बहुतेक वाकवल्याबरोबर मोडल्या. दोनच धड होत्या आणि त्यांचा रंगही गेलेला होता. हँडल सरळ असताना मोडलेली टोकं एकमेकांना टेकून काम भागवत होती. डावीकडे वळलं की ती अलग व्हायची आणि सगळा भार त्या दोन तारांवर यायचा. नळीत चिमूटभर गाळही होता, पुराच्या चिखलाचा तोच राखाडी रंग.

आमच्याकडे अशा वेळी वायरीची दोन टोकं पिळून वर काळी टेप मारायची पद्धत आहे. चाचा ते करत नाहीत. कळकलेलं तांबं त्यांनी मागे मागे कापत नेलं, जिथे लालसर चमकदार तार लागली तिथवर. ते जवळजवळ वीतभर मागे लागलं, कारण काळेपणा प्लास्टिकच्या आत दोन्ही बाजूंना पसरला होता. काळ्या तारेवर सोल्डर धरत नाही, वरवर चिकटल्यासारखं दिसतं आणि पहिल्या खड्ड्याला सुटतं. मग आधीपेक्षा जाड वायरीचा तुकडा घेतला, दोन्ही जोड मानेच्या वळणापासून लांब ठेवले, सोल्डर करून वर स्लीव्ह चढवली. वळणावर अखंड वायर, आणि तीही थोडी सैल, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरलं तरी ताण न येईल इतकी. सोल्डर केलेला जोड वळणावर आला तर तार जोडाच्या कडेलाच तुटते, म्हणून एवढी काळजी. तिथून अँपिअरकडून परत येणारी वायरही उघडून बघितली. तीही त्याच वाटेवर होती. तिचीही तीच कथा होती, फक्त थोडी कमी खराब झालेली. तीही बदलली.

पुन्हा मीटर लावला. हँडल डावीकडे, उजवीकडे, सरळ: हरवलेले व्होल्ट अर्ध्याच्याही आत. गाडी साइड स्टँडवर उतरवली, हँडल डावीकडे पडलं, चावी लावली. काटा आपल्या जुन्या जागी, तीनवर. पहिल्या किकला इंजिन धरलं.

हे सगळं जुन्या बुलेटपुरतंच आहे असं कुणी समजू नये. सेल्फवाल्या गाड्यांना ते जास्तच लागू पडतं, कारण सेल्फ मोटर एका दमात कितीतरी पटीने जास्त अँपिअर ओढते. बटण दाबलं की नुसता कट्-कट् आवाज आणि मोटर गप्प, की लोक बॅटरी बदलतात. बॅटरी गेलेलीही असते, नाही असं नाही. पण आधी बटण दाबून धरायचं आणि मीटर बॅटरीच्या मायनसपासून इंजिनाच्या उघड्या धातूवर लावायचा. तिथे अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसलं, तर बॅटरीची काळी केबल जिथे बॉडीला बोल्टने आवळली आहे तो बोल्ट सोडून, खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून पुन्हा आवळायचा. कोकणात खाऱ्या हवेने हा एक बोल्ट किती जणांना नव्या बॅटरीच्या खर्चात घालतो याचा हिशेब नाही. क्लचचा स्विच, न्यूट्रलचा स्विच, साइड स्टँडचा स्विच हे पुढचे मुक्काम. वाट लांब झाली, एवढाच फरक.

चाचांनी कामाचे पैसे इतके कमी घेतले की मी संकोचलो. नव्या भागाचं बिल लावता येतं, दोष शोधण्याचं बिल कुठल्या कागदावर लावणार, असा आपला सगळ्यांचाच हिशेब झाला आहे. त्याचा परिणाम असा की शोधणारी माणसं कमी होत चालली आहेत. चाचांच्या मुलाने मोबाइलचं दुकान घातलंय. माझी एक मागणी आहे, गॅरेजवाल्यांकडेही आणि गाडीवाल्यांकडेही: "शोधण्याचे वेगळे पैसे" असं मोकळेपणाने मागावं आणि मोकळेपणाने द्यावं. कॉइलच्या किमतीपेक्षा ते जास्त झाले तरी गाडीचं त्यात भलं आहे.

आता मागची वायरिंग राहिली आहे. टेल लॅम्प आणि ब्रेक लाइटकडे जाणाऱ्या वायरी पुरातल्याच आहेत आणि मडगार्डच्या आतून जातात, म्हणजे चाकाचं पाणी त्यांच्यावर कायम उडतं. ब्रेक लाइट अजून नीट पेटतो. पण परवा चाचांचा टेस्ट लॅम्प मागून घेऊन तिथेही लावून पाहिला, तर पूर्ण उजेड आला नाही. पाऊस संपला की सीट आणि मडगार्ड उतरवायचं ठरलंय. चाचांनी वायरीचा नमुना दिला आहे, याच जाडीची आणा म्हणून, आणि स्लीव्ह सहा मिलिमीटरची.